न लागलेली सुई

माझ्या बोटाला सुई लागत नाही, याचा मला अभिमान होता.

मखमलाबादच्या पुढे आमचा मळा आहे. झेंडू, शेवंती, मध्ये मध्ये मेथी-कोथिंबीर. दसऱ्या-दिवाळीला आम्ही नुसती फुलं पाठवत नाही, घरीच हार ओवून नाशिकच्या फुलबाजारात देतो. पडवीत ताडपत्री अंथरायची, मध्ये फुलांचा ढीग, भोवती आम्ही बाया. हाराची सुई वीतभर लांब असते. ती फुलातून काढताना डाव्या हाताचं बोट मागून टेकवावं लागतं, नाहीतर फूल फाटतं. नव्या बाईची बोटं पहिले आठ दिवस रक्ताळतात. मग कातडी जाड होते आणि सुई टोचली तरी फारसं कळत नाही.

माझं बोट सगळ्यांत तयार. बाकीच्या बाया बोटाला चिंधी गुंडाळायच्या, मी नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारणींना सांगायच्या, "आमच्या मंदाला सुई घाबरती." मी मान खाली घालून हसायची. मला त्याआधी कोणी कशासाठी नावाजलेलं नव्हतं.

मी चौथी शिकले आहे. माझी मुलगी कावेरी आता पाचवीत गेली. तिच्या चौथीच्या वहीची मागची पानं कोरी राहिली, त्यांवर हे लिहिते आहे. आमच्या गावच्या आशा सेविका वैशालीताई म्हणाल्या, "मंदाताई, तुमच्यासारखी एखादी डाग झाकून बसली असेल, तिला वाचून दाखवायला लिहा. नावं बदला हवी तर." नावं मी बदलली आहेत. बाकी काही बदललं नाही. बदलायची सवय मला आधीच फार होती, त्याचंच हे सगळं आहे.

*

पहिला डाग कमरेच्या खाली, मागच्या बाजूला होता. अंघोळ करताना हाताला जरा गुळगुळीत लागला म्हणून आरशात पाहिलं. फिकट तांबूस, तळहाताएवढा. खाजत नव्हता, दुखत नव्हता. मला वाटलं घामानं येतात तसली शिबं असतील. लिंबू चोळलं, तेही झोंबलं नाही. मग दुसरा पाठीवर आला, पोलक्याच्या आत. झाकलेल्या जागी होता म्हणून मी त्याला विसरू शकले.

दरवर्षी वैशालीताई घरोघर डाग तपासायला येतात. बरोबर एक गडी असतो, पुरुषांना तपासायला. त्या पहिल्या वर्षी आल्या तेव्हा तो गडी ओट्यावर उभा होता. ताईंनी विचारलं, "अंगावर फिकट डाग, बधिर जागा, काही आहे का?" मी हात पुढे केले, चेहरा दाखवला. म्हणाले, "नाही." त्या म्हणाल्या, "पाठ बघू का आत येऊन?" मी म्हणाले, "काही नाही हो ताई, चुलीवर दूध आहे." चुलीवर काही नव्हतं. त्यांनी दाराच्या चौकटीशेजारी खडूनं खूण केली, म्हणजे हे घर तपासलं, आणि पुढे गेल्या.

दुसऱ्या वर्षी तसंच. तिसऱ्या वर्षीही. एका खुणेवर दुसरी खूण. मी ओटा सारवताना चौकटीशेजारचा पट्टा मात्र कधी पुसला नाही. तेवढं लिहिलेलं होतं तोवर मला बरं वाटायचं.

लाज वाटायची, एवढंच सांगून भागणार नाही. भीती होती. मला आतून माहीत होतं की ही शिबं नाहीत. माहेरी लहानपणी गावाबाहेर एक म्हातारा राहायचा, त्याला आम्ही पोरं लांबून भाकरी ठेवायचो. मी पण ठेवायची, आणि पळत यायची.

*

सखूमावशी हरसूलच्या पुढच्या एका पाड्यावरची. दसऱ्याच्या आधी महिनाभर ती फुलं तोडायला आणि हार ओवायला आमच्याकडे यायची. पडवीतच राहायची, पडवीतच झोपायची. दोन दसरे ती आमच्याकडे होती, हा तिसरा. बोलायला तिखट. मी गप्प बसणारी, म्हणून मला म्हणायची, "मंदे, तुझ्या तोंडात काय मूग हायत का? थुंक की."

तिच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. तरुणपणी भात कापताना विळा लागला, शीर तुटली, तेव्हापासून. ही गोष्ट तिनं मलाच सांगितली होती. दुपारी मी तिच्यापुढे बसायची आणि ती माझ्या केसांना तेल लावायची. माझ्या आईनंतर कोणी लावलं नव्हतं.

तिसऱ्या दसऱ्याला, आदल्या दिवशी, आम्ही सात बाया ओवत होतो. मी सगळ्यांच्या पुढे. एकदम सखूमावशी ओरडली, "अगं ए, थांब! मंदे, हात थांबव!"

मी खाली बघितलं. सुई माझ्या डाव्या बोटाच्या पेरातून आरपार गेली होती. आणि मी ओवतच होते. मांडीवरच्या पिवळ्या हारात आठ-दहा फुलं लाल झाली होती.

सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. आणि मला दुखत नव्हतं. एवढ्या जणींसमोर, आणि मला काही म्हणजे काही होत नव्हतं.

सखूमावशीनंच सुई काढली. स्वतःच "आई गं" म्हणत होती, जशी ती तिच्याच बोटातून निघत होती.

*

वैशालीताईंनी मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. डोळे मिटायला सांगितले. कापसाचा बोळा लावला तर जिथं लागेल तिथं बोट ठेवायचं. मी वाट बघत बसले. बराच वेळ काही लागलं नाही. डोळे उघडले तर ताई बोळा माझ्या तळहातावरून फिरवत होत्या.

"पाठ बघू आता," त्या म्हणाल्या. या वेळी मी दूध आहे म्हणाले नाही.

दसरा झाल्यावर सरकारी दवाखान्यात गेलो. मोठ्या मॅडमनी कोपराजवळची नस चाचपली, कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन पाणी घेतलं, पाठीवरच्या डागाचा डाळीएवढा तुकडा काढला. मग सरळ सांगितलं, "कुष्ठरोग आहे. वर्षभर गोळ्या घ्यायच्या. बरा होतो. गोळ्या सुरू झाल्या की तुमच्यापासून कोणाला होत नाही. घरात काहीच वेगळं करायचं नाही, ताटं नाही, अंथरूण नाही."

कावेरीचे पप्पा माझ्या शेजारी बसले होते. ते म्हणाले, "मॅडम, आमच्या घरात कोणालाच नाही हे."

मॅडम म्हणाल्या, "आता आहे. आणि बरं पण होणार आहे."

रिक्षातून उतरताना त्यांनी गोळ्यांची पिशवी माझ्या हातातून घेतली.

*

आता ती संध्याकाळ लिहायची आहे. तीन दिवस मी हे पान कोरं ठेवलं होतं.

आम्ही ओट्यावर होतो. आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "रगतपिती! आपल्या घरात? सात पिढ्यांत नव्हती. आली कुठून?" सखूमावशी समोर मळ्याच्या कडेला बसून उरलेल्या झेंडूच्या पाकळ्या गोळा करत होती. आत्याबाईंची नजर तिच्या हातावर गेली.

"तिचं बोट बघितलंत? वाकडं हे. ह्या रोगात बोटं वाकडी होतात. दोन सालं झाली ही बाई आपल्या घरात खाती-पिती. मंदाच्या केसाला तेल लावती."

कावेरीचे पप्पा म्हणाले, "आई, काहीतरीच."

"काहीतरीच कसं? मंदा, तू सांग. तुझा डाग कधीचा?"

सखूमावशी आमच्याकडे पहिल्यांदा आली त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी तो डाग आरशात पाहिला होता. मी एवढं सांगितलं असतं तर त्या म्हातारीवर बोट दाखवायला जागाच उरली नसती. पण मग मला हेही सांगावं लागलं असतं की मी तो इतकी वर्षं लपवला. नवऱ्याशेजारी झोपले, लेकीला घास भरवले, सगळ्यांच्या भाकऱ्या थापल्या, आणि दारात आलेल्या ताईला तीन वेळा नाही म्हणाले.

मी म्हणाले, "गेल्या दिवाळीनंतरचा."

आत्याबाई उठल्या. सखूमावशीची जर्मनची ताटली, तांब्या, गोधडी पडवीतून काढली. गोधडी उकिरड्यावर पेटवली. ताटली त्यातच टाकली. सखूमावशी धावत आली. "बाई, मी काय केलं? हे इळ्यानं झालं हो, ह्या मंदेला इचारा, मी सांगितलंय हिला."

ती माझ्याकडे बघत होती.

मी फुलांच्या टोपलीत बघत होते. टोपली रिकामी होती.

ती शेवटच्या एसटीनं हरसूलला गेली. तिखट बाई, एक शब्द बोलली नाही.

*

दोन दिवसांनी वैशालीताई वही घेऊन आल्या. माझ्याजवळ जे जे लोक जास्त वेळ असतात, त्यांना तपासायचं आणि एकदाच एक औषध द्यायचं, म्हणजे त्यांना आजार व्हायची शक्यता कमी होते, असं त्यांनी सांगितलं. मी नावं सांगितली. घरातले तिघं, शेजारची सुमन, तिची सून.

"कामाला बाया असतात ना? तासन् तास बसता तुम्ही ओवायला."

पाच जणी आसपासच्याच, त्यांची नावं सांगितली.

"अजून कोणी? बाहेरगावची?"

आत्याबाई दारातच होत्या. मी म्हणाले, "नाही."

चौथ्यांदा.

*

गोळ्यांचं पाकीट मोठं, रंगीत. महिन्याची पहिली गोळी ताईंसमोर घ्यायची, बाकीच्या रोज. लघवी लाल होते, पहिल्या दिवशी मी घाबरून बसले. हळूहळू अंगाचा रंग काळपट तांबूस झाला. बाजारात एक ओळखीची म्हणाली, "मंदे, उन्हात फार राबवतात वाटतं तुला." मी हो म्हणाले.

घरातलं खरं सांगायचं तर, आत्याबाईंनी माझं ताट वेगळं ठेवलं. ताईंनी समजावल्यावर परत एकत्र ठेवलं, पण ते सगळ्यांत खाली असायचं. कावेरीचे पप्पा कार्तिकातल्या थंडीत ओसरीवर झोपायला गेले. उकडतं म्हणाले. पंधरा दिवसांनी एका पहाटे थंडीनं काकडत परत आले आणि माझीच गोधडी ओढून घेतली. मी जागी होते. हललेसुद्धा नाही.

कावेरी पाकिटातल्या रिकाम्या जागा मोजायची. तिनं एकदाच विचारलं, "सखूआजी आपल्यावर रागावली का?" मी म्हणाले, "तू अभ्यास कर."

*

तिसऱ्या महिन्यात संक्रांतीच्या सुमाराला माझं अंग पेटलं. जे डाग इतकी वर्षं मुकाट होते ते एकदम लाल झाले, सुजले, गरम लागायला लागले. कान सुजला. कोपराच्या आत अशी कळ यायची की भांडं हातातून सुटायचं. आणि डाव्या हाताची करंगळी वाकायला लागली.

मी तो हात धरून चुलीपुढे बसून राहिले. वाकडी करंगळी. मला वाटलं, देवानं बरोबर माप घेतलं.

आत्याबाई घाबरल्या. "औषध मानवत नाही हिला, बंद करा." मी बंद केलं. औषधाची भीती वाटली म्हणून नाही. मला वाटलं, होऊ दे. जे होतंय ते माझंच आहे. आठ दिवस गोळ्या उशाखाली ठेवल्या. नवव्या दिवशी वैशालीताई आल्या, पाकीट बघितलं, माझा हात बघितला आणि पहिल्यांदाच माझ्यावर ओरडल्या. "हात गमवायचाय का? उठा, चला!"

त्याच दुपारी मला भरती केलं.

*

दवाखान्यात सकाळी सहाला चहा. मग हात कोमट पाण्यात भिजवायचे, तेल लावायचं, वितळलेल्या मेणाचा शेक, मग बोटांचे व्यायाम. करंगळीला रात्रभर पट्टी बांधायची. सूज उतरायला वेगळ्या गोळ्या, त्या दर थोड्या दिवसांनी कमी कमी करायच्या. शेजारच्या खाटेवर सिन्नरकडची एक आजी होती. संध्याकाळी आम्ही एकमेकींचे तळपाय बघायचो, कुठे काटा, फोड, भेग आहे का. स्वतःला कळत नाही म्हणून. ती म्हणायची, "तुझे पाय तू बघायचे नाय, मी बघायचे. आपण दोघी मिळून एक बाई."

तिथं एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्या माझ्या कातडीचा अभ्यास करत होत्या. सुजलेल्या डागाचा दुसरा तुकडा घेताना त्यांनी विचारलं, "हा आणि पहिला, दोन्ही आम्ही शिकायला ठेवले तर चालेल का?" मला कोणी असं विचारायची सवय नव्हती. मी हो म्हणाले. चार दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. "बघायचं का तुमच्या आत काय चाललंय?"

यंत्राला एक डोळा लावला. आधी नुसत्या माझ्याच पापण्या दिसल्या. मग निळ्या रंगावर लाल लाल बारीक काड्या, जुडीनं बांधून ठेवल्यासारख्या.

"हा पहिला तुकडा. त्या लाल काड्या म्हणजे जंतू," त्या म्हणाल्या. "आणि त्यांच्याभोवती फेसासारखं फुगलेलं दिसतंय ना, त्या तुमच्याच शरीराच्या पेशी. त्यांचं काम जंतूला गिळून मारायचं. त्यांनी गिळला. पण मारला नाही."

"मग?"

"मग काही नाही. पोटात घेऊन गप्प बसल्या. बाहेर कोणाला कळवलंसुद्धा नाही. तो आत वाढत राहिला."

त्यांनी दुसरी काच ठेवली. ही जांभळी होती. तिच्यात काळसर ठिपकेच ठिपके, मोहरीचा डबा सांडल्यासारखे.

"हा आत्ताचा तुकडा. जंतू मरायला लागले आणि ह्या दुसऱ्या पेशींना एकदम ओळख पटली. सगळ्या धावून आल्यात. म्हणून डाग लाल झाले. नसा त्याच जागी असतात, त्या ह्या मारामारीत चेंगरतात, म्हणून बोट वाकलं. औषधानं नाही झालं हे, आणि शिक्षा तर मुळीच नाही."

शिक्षेचं मी कोणाला बोलले नव्हते. त्यांना बहुतेक सगळेच पेशंट तसं सांगत असतील.

मी विचारलं, "पहिल्या का गप्प बसल्या, मॅडम?"

त्या हसल्या. "ते पूर्ण कळलं असतं तर मी इथं कशाला बसले असते? काही माणसांच्या पेशी पहिल्या दिवसापासून भांडतात, त्यांना एखादाच डाग येतो. काहींच्या बसून राहतात."

मी खाटेवर येऊन पडले. पोटात घेऊन गप्प बसल्या. ताईंनी विचारलं तेव्हा गप्प, आत्याबाईंनी विचारलं तेव्हा खोटं, मावशीनं बघितलं तेव्हा टोपलीत नजर. मॅडम माझ्या कातडीबद्दल बोलत होत्या. पण मी त्या यंत्रात मलाच बघून आले होते.

*

दुसऱ्या दिवशी कावेरीचे पप्पा डबा घेऊन आले. डबा उघडायच्या आधी मी सांगितलं. सगळं. डाग कधीचा, ताईंना तीन वेळा नाही म्हणाले, मावशीचा विळा, सगळं.

"म्हणजे तीन वर्षं?"

"हो."

ते उठून बाहेर गेले. मला वाटलं गेले. बऱ्याच वेळानं दोन चहा घेऊन आले. एक माझ्यापुढे ठेवला. चहा पिताना म्हणाले, "आईला मी सांगू का तू सांगशील?"

"मी सांगते."

"आणि त्या म्हातारीला?"

"तिला पण मीच."

आत्याबाईंना घरी आल्यावर सांगितलं. मला वाटलं होतं त्या मला बोलतील. त्या चुलीपुढे बसल्या होत्या. लाकूड आत सारत म्हणाल्या, "ताटली मी जाळली गं." एवढंच. त्यांना मी खोट्यात पाडलं होतं, हे मला तोवर सुचलंही नव्हतं.

वैशालीताईंच्या वहीत मी सखूमावशीचं नाव लिहायला लावलं. त्यांनी तिकडच्या आशाताईंना फोन केला. काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही. "एकाचं दुसऱ्याला सांगायचं नसतं, मंदाताई. तुमचं तरी मी कोणाला सांगते का?"

*

हरसूलच्या आठवडे बाजाराला गेले. निघताना आत्याबाईंनी माझ्या पिशवीत नवं स्टीलचं ताट ठेवलं, जड, काठाचं. कावेरीच्या लग्नासाठी जमवलेल्या भांड्यांतलं होतं.

सखूमावशी बाजाराच्या टोकाला गोणपाटावर नागली, म्हणजे नाचणी, घेऊन बसली होती. तिची सून दहा पावलं दूर दुसऱ्या गोणपाटावर, मांडीवर पोर. मला वाटलं दोघींचा माल वेगळा असेल. जवळ गेले तर एकच नागली होती, दोन ढीग करून ठेवलेली.

"कोण, मंदा?" ती उठलीच. मग एकदम मागे सरकली. "लांब बस पोरी. माझ्याजवळ नको."

"का, मावशी?"

तिनं पोलक्याची बाही वर केली. दंडावर रुपयाएवढा डाग.

"तुझी सासू बोलली ते खरं निघालं बघ. नर्सबाईनी काडी टोचली, कळलंच नाय. गोळ्या चालू हायत सहा महिन्यांच्या. मला काय ठावं माझ्यात हे हाय म्हणून? तुझ्या केसाला तेल लावायची ना मी. माझ्यापायी तुझ्या हाताची दशा झाली. लय पाप झालं गं."

मी तिच्या गोणपाटावर बसले. घरून ठरवून आणलेलं एकही वाक्य आठवेना.

"मावशी, मला आधीपासून होता. तुम्ही आमच्याकडं पहिल्यांदा आलात, त्याच्या आधीपासून."

तिला कळलं नाही. मी परत सांगितलं.

"म्हंजे माझ्यापायी नाय झालं तुला?"

"नाही."

तिनं छातीवर हात ठेवला आणि हसली. खरंच हसली, डोळ्यांत पाणी येऊन. "माझ्यापायी नाय! अगं देवा, माझ्यापायी नाय झालं!" ते हसणं मला आजही सहन होत नाही. मला शिव्या द्यायच्या सोडून ती बाई आधी सुटल्यासारखी हसली.

मग ते हळूहळू विझलं.

"तुला ठावं होतं?"

"हो."

"मी तुमच्या ओट्यापुढं उभी राहून तुझ्याकडं बघितलं, तवा ठावं होतं?"

"हो, मावशी."

एक गिऱ्हाईक आलं. तिनं माप भरून नागली दिली, वर मूठभर जास्त घातली. गिऱ्हाईक गेल्यावर माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"सुनंला बाळ झालंय. रांगायला लागलं. आता धरून उभं ऱ्हातंय. डाक्टर म्हनले घ्या, कायबी होत नाय. सून म्हनती घ्या. मीच घेतलं नाय. म्हनलं, एका घराचं वाटोळं करून आले, आता ह्याचं नको."

मी म्हणाले, "माझ्यापासून तुम्हाला झालं असेल. डॉक्टर म्हणतात, कोणाचं कोणाला ते सांगता येत नाही."

"डाक्टर काय म्हनतो ते ऱ्हाऊ दे. तू सांग."

"माझ्यापासूनच झालं असेल."

तिनं मान हलवली. मग सुनेला हाक मारली. "ए, आण गं त्याला इकडं."

सुनेनं पोर आणून तिच्या मांडीवर ठेवलं. पोरानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि भोकाड पसरलं, आईकडे हात करायला लागलं.

"वळख नाय राहिली," सखूमावशी म्हणाली. पण तिनं त्याला सोडलं नाही. वाकड्या करंगळीनं त्याचे डोळे पुसत बसली.

मी पिशवीतून ताट काढलं. तिनं ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि परत माझ्या पिशवीत घातलं.

"घरी ने. तुमच्या मांडणीत ठेव. माझ्या मनात आलं तर मी येईन, आन् तुझ्या सासूच्या शेजारी पाटावर बसून त्यातच जेवीन. नाय आलं मनात, तर ऱ्हाऊ दे तसंच."

*

माझी करंगळी बरीच सरळ झाली आहे. डाव्या बोटाला सुई अजून लागत नाही, ती आता लागणार नाही असं मॅडमनी सांगितलं आहे. म्हणून मी बोटाला पत्र्याचं टोपण घालून ओवते, सावकाश, सगळ्यांच्या मागे. रोज संध्याकाळी दिवा लावला की हातपाय उजेडात धरून बघते. दुखणं कळवत नाही, तेव्हा डोळ्यांनी विचारावं लागतं.

जिला हे वाचून दाखवलं जाईल, तिला एवढंच सांगते. डाग दुखत नाही, खाजत नाही, झाकलेल्या जागी आहे, म्हणूनच दाखव. पुरुष बाहेर उभा असेल तर ताईला आत बोलाव. आणि कोणी विचारलं, कधीपासून आहे, तर खरं साल सांग. रोग गोळ्यांनी जातो. मी जे केलं त्याला गोळी नाही.

आज माझं बारावं पाकीट संपलं. कावेरीनं रिकामं पाकीट उजेडात धरून पाहिलं, एकही राहिली नाही ना म्हणून. दसरा आठ दिवसांवर आहे. शेतात झेंडू फुलला आहे, ओवायला पाच जणी ठरल्या आहेत. सहावी जागा आम्ही कोणाला दिलेली नाही.

ते ताट मांडणीत सगळ्यांत वर आहे. त्यात कोणी जेवत नाही, तरी मी रोज घासते. काल घासायला गेले तर ते जागेवर नव्हतं. आत्याबाई मोरीपाशी बसून ते चिंचेनं घासत होत्या.

"डाग पडला होता का?" मी विचारलं.

"नव्हता," त्या म्हणाल्या आणि घासत राहिल्या.